बँडच्या मागे, पहिल्या गियरात

जोकीम गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याला शिव्या घालत होतो. मनातल्या मनात, पण मनापासून. सकाळची वेळ, गालाला साबण आणि डोक्यात आदल्या संध्याकाळचं भांडण. त्या भांडणात शेवटचं वाक्य तो बोलला होता आणि मला उत्तर सुचलं नव्हतं. ते नेमकं दाढी करताना सुचलं. इतकं चोख सुचलं, की नाश्ता झाला की स्कूटरला किक मारायची, वसईतल्या आमच्या होळी गावाहून पापडीला जायचं, त्याच्या शेडमध्ये उभं राहून ते त्याच्या तोंडावर फेकायचं आणि पाणीही न पिता परत यायचं, असा बेत मी आखला. तेवढ्यात बायकोनं, सुनंदानं, मोबाइल आणून हातात दिला. पलीकडे जोकीमची बायको, रेमेत. "दिगूभाऊ, जोकीम उठत नाय," ती म्हणाली. मी म्हणालो, "तोंडावर पाणी मार, सोंग करत असेल." ती मग म्हणाली, "मारलं पानी... डाक्टर पन येऊन गेला." मी अर्धी दाढी तशीच ठेवून निघालो. उत्तर माझ्यापाशीच राहिलं.

या पुरवणीच्या संपादकबाईंनी 'तुमच्या मित्राविषयी चार हृद्य शब्द' मागितले. मी त्यांना फोनवरच सांगितलं, हृद्य हवं असेल तर दुसरा माणूस बघा. मेल्यावर माणूस एकदम मनमिळाऊ, दिलदार आणि सदा हसतमुख कसा होतो, हे मला आजवर उमगलेलं नाही. जोकीम मनमिळाऊ नव्हता. हेकट होता, बढाईखोर होता, दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ द्यायचा नाही. चूक झाली की ती आधी पेट्रोलची असायची, मग हवेची, मग माझी. माझं अर्धं आयुष्य हे सोसण्यात गेलं. बाई म्हणाल्या, "मग तसंच लिहा." म्हणून लिहितो आहे.

आमची ओळखच मुळी भांडणातून झाली. होळीत माझी वडिलोपार्जित वाडी, केळी आणि भाजीपाला. पण पोटासाठी मी वसई पूर्वेच्या एका कारखान्यात टूल रूममध्ये नोकरी केली, मापं घेण्यात आणि मापात काम करण्यात जन्म गेला. जोकीम पापडीचा. जहाजाच्या इंजिन रूममध्ये होता. अर्धं वर्ष समुद्रावर आणि उरलेलं अर्धं गावात, सगळ्यांना अक्कल शिकवत. पापडीतल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांची जुनी मोटार चिंचेखाली सडत पडली होती. फुगीर नाकामुळे जिला अख्खी मुंबई 'डुक्कर' म्हणायची, तीच ती जुनी गाडी. डॉक्टरांनी ती मला कबूल केली होती. मी न्यायला गेलो तर हा आधीच बॉनेट उघडून आत डोकं घालून उभा. गाडी त्यालाही कबूल केलेली. डॉक्टर वयोमानानं विसरले होते. "तू कोन?" यानं विचारलं. मी म्हणालो, "गाडीचा मालक." तो डोकं बाहेर न काढताच म्हणाला, "मालकानं मंग जरा टॉर्च धरावा." आणि मी मूर्खासारखा टॉर्च धरला... पुढे आयुष्यभर धरला. शेवटी डॉक्टरच वैतागून म्हणाले, दोघं मिळून घ्या, नाहीतर दोघंही चालते व्हा. अशी गाडी दोघांची झाली. पण ती ठेवायला शेड त्याच्या घरामागे होती, म्हणून गावात ती 'जोकीमचं डुक्कर' झाली. माझं नाव कुणी घेतलं नाही आणि यानं कधी कुणाला दुरुस्त केलं नाही.

त्या गाडीचं काम काय होतं ते सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आमच्या भागात चर्चमध्ये लग्न लागलं की नवरा-नवरी भुर्रकन गाडीत बसून जात नाहीत. पुढे बँड, बँडच्या मागे नाचणारी माणसं, आणि त्यांच्या मागे फुलांनी सजवलेली गाडी, तीही नाचणाऱ्या माणसाच्या चालीनं. वाटेत प्रत्येक कुरसापाशी, म्हणजे रस्त्याकडेच्या क्रुसापाशी थांबायचं, मावशीच्या दारात थांबायचं, कॉर्नेट फुंकणाऱ्याला दम लागला की थांबायचं. होळीतल्या आमच्या वरातीही तशाच, फक्त थांबे निराळे. एवढ्याशा रस्त्याला दीड-दोन तास सहज जातात आणि ते सगळे पहिल्या गियरात, अर्ध्या क्लचवर. नव्या गाड्या त्यात तापतात आणि त्यांचे ड्रायव्हर त्याहून जास्त तापतात. डुक्कर कधी तापलं नाही. त्याचं इंजिन स्लोवर इतकं गुपचूप चालायचं, की नवरीच्या आईला वाटायचं गाडी बंद पडली. पापडीतल्या, होळीतल्या किती नवऱ्या त्यातून घरी गेल्या! पैसे आम्ही कधी घेतले नाहीत. जेवण आणि हार, बस्स. चालवायचा जोकीम. मी शेजारी, पायाशी पाण्याचा कॅन घेऊन. एकदाही त्यानं वरातीत मला स्टिअरिंग दिलं नाही. "तू फक्त ऐक," म्हणायचा, "आवाज बदलला की सांग." हार त्याच्या गळ्यात पडायचा. ऐकणाऱ्याच्या गळ्यात हार घालायची आमच्याकडे पद्धत नाही.

स्वतःच्या लग्नातसुद्धा त्यानं स्टिअरिंग सोडलं नाही. खरं सांगतो. कोट-टाय घातलेला नवरा ड्रायव्हरच्या जागेवर, शेजारी पांढऱ्या झग्यातली रेमेत, आणि मागच्या सीटवर, जिथं नवरा-नवरीनं बसायचं तिथं, नवरीचा फुलांचा गुच्छ सांभाळत मी. त्याचे वडील रस्त्याच्या कडेनं ओरडत चालले होते, "अरे, लोक काय म्हनतील?" हा म्हणाला, "लोकांना क्लच धरता येतो काय?" त्या दिवसाचा फोटो त्यांच्या हॉलमध्ये आहे. मागच्या काचेतून माझं रागावलेलं तोंड स्वच्छ दिसतं.

मागच्या उन्हाळ्यात गाडीचा आवाज बदलला. माझं कामच ऐकायचं, त्यामुळे मला आधी कळलं. बारीक टिकटिक, आणि चढावर दम तोकडा. मी म्हणालो, कॅम गेला. तो म्हणाला, टॅपेट ढिले झालेत. टॅपेट घट्ट केले, टिकटिक गेली नाही. मग तो म्हणाला, पेट्रोल खराब. शेवटी इंजिन उतरवून खोललं, तर कॅमशाफ्टचा एक उंचवटा घासून बोथट झालेला. ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या पोटात फिरणारा हातभर लांब दांडा. त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. दांडा फिरतो तसा एकेक उंचवटा एकेक व्हॉल्व्ह उचलतो, म्हणजे इंजिनात हवा-पेट्रोल यायचं आणि धूर जायचा दरवाजा उघडतो. दरवाजा किती उघडायचा आणि किती वेळ उघडा ठेवायचा, हे त्या उंचवट्याचा आकार ठरवतो. गाडीचा स्वभावच ठरवतो म्हणा ना. मी म्हणालो, आपलाच शाफ्ट दुरुस्त करू. बोथट जागी धातू भरायचा आणि मूळ मापाला ग्राइंडिंग करून घ्यायचं. वसई पूर्वेला ते काम चोख करणारा माझ्या ओळखीचा आहे. जोकीमनं ऐकून घेतलं आणि टेबलाखालून एक खोका काढला. आत तेलाच्या कागदात गुंडाळलेला कोरा करकरीत शाफ्ट. रॅलीच्या गाड्यांचं काम करणाऱ्या कोइमतूरच्या कुणा माणसाकडून मला न विचारता मागवलेला.

तो शाफ्ट मी मापला. उंचवटे उंच आणि रुंद. व्हॉल्व्ह जास्त उघडणार आणि जास्त वेळ उघडा राहणार. जायचं दार बंद व्हायच्या आत यायचंही दार उघडं. इंजिन जोरात फिरत असेल तर यानं ताकद वाढते. पण मुंगीच्या पावलानं चालत असेल तर आलेलं पेट्रोल न जळताच बाहेर पडतं, इंजिन मिसिंग करतं, तापतं, बंद पडतं. हे मी त्याला कागदावर आकृती काढून समजावलं. तो आकृतीकडे न बघता म्हणाला, "दिगू, तुझा प्रॉब्लेम म्हाईत हाय काय? तू कंपनी फिटिंग मानूस हाय. आईबापानं जसा पाठवला तसाच अजून." मी म्हणालो, "जोकीम, फ्लेवियाचं लग्न आहे." फ्लेविया त्याची एकुलती एक मुलगी, जानेवारीतलं लग्न ठरलेलं, आणि लहानपणापासून तिची एकच अट, की मी घरी जाणार ती डुकरातून. तो म्हणाला, "मंग? बँडवाल्यांना सांगू, जरा भरभर चला." महिनाभर भांडून अखेर त्यानं मान्य केलं, की जुनाच शाफ्ट दुरुस्त करू. मी निर्धास्त होऊन मुलाकडे पुण्याला गेलो. परत आलो तर इंजिन गाडीत बसवलेलं, आत रॅलीचा शाफ्ट, आणि जुना टेबलावर होता तसाच धूळ खात.

पाऊस संपल्यावर त्याच्या पुतण्याचं लग्न होतं. ऑक्टोबरचं ऊन. चर्चच्या दारातून गाडी निघाली तीच थरथरत. स्लोवर इंजिन उभं राहीना. राहावं म्हणून हा रेस देणार, रेस दिली की गाडी उडी मारणार, उडी मारली की पुढचे नाचणारे पळणार. पहिल्या कुरसाशी बंद पडली. पुन्हा सुरू केली तर बेकरीसमोर पडली. तिसऱ्या वेळी रेडिएटरमधून वाफ निघाली. बँड उभ्या जागी तेच तेच गाणं वाजवत राहिला, मागे नवरीचा मेकअप घामानं ओघळला, आणि शेवटी चांगले सूट घातलेले पाहुणे गाडी ढकलत घरी घेऊन गेले. ढकलणाऱ्यांत फ्लेविया पण होती. "काका, माझ्या वेळी असं नको हां, प्लीज," ती मला म्हणाली. ती हसत म्हणाली, पण तिचा चेहरा पडला होता. आणि हा? स्टिअरिंगवर बसून काचेतून डोकं बाहेर काढून सगळ्यांना सांगत होता, "हवा दमट हाय! हवा!"

इंजिन पुन्हा उतरवलं, पुन्हा खोललं. मला वाटलं आता तरी अक्कल येईल. तो म्हणाला, कार्बोरेटर लहान पडतो, मोठा घालू. नोव्हेंबर तसाच गेला. रोज संध्याकाळी मी शेडमध्ये, टेबलावर दोन शाफ्ट शेजारी शेजारी, आणि आम्ही दोघं दोन बाजूंना. लग्न जवळ येतंय आणि गाडी पोट फाडून पडलीय. शेवटच्या संध्याकाळी मी आवाज चढवला. म्हणालो, "तुला पोरीच्या लग्नापेक्षा पळवायची हौस मोठी आहे." तो एरवी ओरडला असता. त्या दिवशी ओरडला नाही. नवा शाफ्ट हातात घेऊन फिरवत बसला, आणि म्हणाला, "सगळी जिंदगी मी बँडच्या मागं काडली, दिगू. पयल्या गियरात. जहाजावर पन तेच, इंजिन माझं आनि रस्ता कप्तानाचा. एकदा तरी हायवेला लावून पळवायचीय मला. एकदा तरी." मी चप्पल घातली आणि निघून आलो. तो रात्री झोपला आणि सकाळी उठला नाही. भांडण अर्ध्यात टाकून जायचं, तेही शेवटचं वाक्य स्वतः बोलून! याला काय म्हणायचं? मला रडू येतं, नाही असं नाही. पण त्याआधी राग येतो.

दफनाला जुन्या मोटारींच्या कुठल्याशा क्लबची मंडळी मुंबईहून आली होती. एकसारख्या टोप्या घालून. यांतल्या एकानंही कधी त्या गाडीला पाण्याचा घोट पाजलेला नाही. तासाभरात व्हॉट्सॲपवर जोकीमचा फोटो फिरायला लागला, खाली लिहिलेलं, 'स्वर्गात फुल थ्रॉटल'. महिन्याच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, ती मंडळी पुन्हा आली. मिस्सेनंतर घरी जेवणं चालली होती आणि त्यांच्यातला एक रेमेतला सांगत होता, की भाभी, इंजिन आम्ही बांधून देतो, रॅलीचाच शाफ्ट टाकू, त्यांची शेवटची इच्छा होती. आजूबाजूचे सगळे माना डोलवत होते. रेमेत माझ्याकडे वळून म्हणाली, "त्याला पायजे होता तोच बसवा, दिगूभाऊ. आता कशाला भांडन?" मी ताट खाली ठेवलं. इतका मोठ्यानं ओरडलो, की अंगणातली माणसं आत आली. शेवटची इच्छा म्हणून चुकीचा शाफ्ट बसवायचा? उद्या त्याची शेवटची इच्छा असती चाकं चौकोनी करा, तर करणार का? माणूस मेला म्हणून माप बदलत नाही! असं बरंच काही बोललो. टोपीवाले ताटात बघत बसले. मी हात धुवायला मागच्या दाराला गेलो.

फ्लेविया मागोमाग आली. मला वाटलं चिडली असेल. तिनं विचारलं, "काका, डॅडी असते तर तुम्ही ऐकलं असतं?" मी म्हणालो, "मुळीच नाही." "मग आता का माझ्याकडे असं बघताय, परमिशन मागितल्यासारखं? मला घरी पोचायचंय, काका. ढकलत नाही, दुसऱ्या कुणाच्या गाडीतून नाही. कुठला शाफ्ट ते तुम्ही ठरवा. फक्त मम्मीला तुम्ही सांगा, मी नाही सांगणार." आणि ती आत गेली. बापाचीच मुलगी, वाईट काम दुसऱ्यावर ढकलून मोकळी. मी स्वयंपाकघरात गेलो. रेमेत भांडी आवरत होती. मी म्हणालो, "रेमेत, तो चुकला होता." ती म्हणाली, "मेल्यावर पन?" मी म्हणालो, "मेल्यावर पण." तिनं पदराला हात पुसले. म्हणाली, "असं त्याच्या तोंडावर बोलायचं होतं." "रोज बोलत होतो," मी म्हणालो. "ते ऐकलंय मी," ती म्हणाली आणि तिला हसू फुटलं, आणि मग ते हसू राहिलं नाही... मी तिथंच उभा राहिलो. मला अशा वेळी काय करायचं ते कळत नाही.

दुसऱ्या दिवशी जुना शाफ्ट ग्राइंडिंगला दिला. आला तेव्हा प्रत्येक उंचवटा मापयंत्राच्या सुईखाली फिरवून बघितला, मूळ मापात होता. जोकीमच्या शेडमध्ये जोकीमच्या पान्यांनी मी एकट्यानं इंजिन बांधलं. दर दोन मिनिटांनी कुणीतरी 'असं नाय, दिगू, असं नाय' म्हणेल असं वाटायचं, आणि कुणी म्हणत नव्हतं, त्याचा मला भयंकर त्रास झाला. कॅमचं काम नवं असलं की इंजिन सुरू केल्याबरोबर स्लोवर ठेवायचं नसतं. उंचवटे आणि त्यांवर टेकणारे टॅपेट एकमेकांना बसेपर्यंत वीसेक मिनिटं चढ्या रेसवर चालवावं लागतं. म्हणजे जन्मभर ज्या गोष्टीवरून मी जोकीमला बोल लावले तीच करावी लागली. शेड दणाणून गेली. रेमेत धावत मागच्या दारात आली, हाताला पीठ, आणि चौकटीला धरून उभी राहिली. वेळ झाली तसा मी रेस सोडली. इंजिन खाली आलं, एकदा हलकं अडखळलं आणि गुपचूप चालायला लागलं. ती कान देऊन ऐकत राहिली. "मघाशी वाटलं तोच हाय," ती म्हणाली. "आनि आता माझ्या लग्नातला आवाज येतो."

लग्न ठरल्या तारखेलाच झालं. रेमेतनं पुढे ढकलू दिलं नाही. चर्चच्या दारात मी पहिल्यांदा त्या सीटवर बसलो. मागे फ्लेविया आणि तिचा नवरा. पाण्याचा कॅन मी शेजारी ठेवला होता. रेमेतनं तो उचलून पायाशी घेतला आणि ऐकायच्या जागेवर येऊन बसली. "कोनीतरी ऐकायला पायजे ना," म्हणाली. बँड सुरू झाला. पहिला गियर, अर्धा क्लच. बेकरीपर्यंत जाता जाता माझा डावा पाय कापायला लागला. मांडीपासून घोट्यापर्यंत नुसत्या कळा. इतकी वर्षं तो माणूस हे करत होता आणि वर तोंडानं बढाया मारत होता, पायाबद्दल अवाक्षरही कधी काढलं नाही. हे मला सांगायला नको होतं का त्यानं? याचाही मला रागच आला. दुसऱ्या कुरसाशी कॉर्नेटवाला दम खायला थांबला, गाडी थांबली, इंजिन चालतच राहिलं. मागे फ्लेविया नवऱ्याच्या कानात काहीतरी सांगत हसत होती. तेव्हा मी ते उत्तर बोललो. दाढी करताना सुचलेलं, इतके दिवस तोंडात धरून ठेवलेलं.

"कोनाशी बोलता?" रेमेतनं विचारलं. मी म्हणालो, "तुझ्या नवऱ्याशी. मला म्हणाला होता, सगळी जिंदगी बँडच्या मागे गेली. त्याला सांगत होतो, बँडच्या मागे चालणाऱ्याच्या गाडीत नवरी असते. हायवेवर पळणाऱ्याच्या गाडीत कोण असतं?" रेमेत समोर बघत राहिली. मला वाटलं आता ही रडणार आणि सगळ्या लग्नाचा विचका होणार. ती म्हणाली, "तो काय बोलला असता सांगू? म्हनाला असता, पेट्रोल खराब आलंय, दिगू." कॉर्नेट पुन्हा सुरू झाला. मला नीट दिसत नव्हतं, पण त्या चालीला फार दिसावं लागत नाही.

गाडी वाटेत एकदाही बंद पडली नाही. जेवणाचा मांडव जोकीमच्याच अंगणात होता; दारात पोचलो तर सगळ्या गावानं टाळ्या वाजवल्या. बँडमास्तर बॉनेटवर थाप मारून म्हणाला, "काय इंजिन करून ठेवलंय जोकीमनं! मेल्यावर पन पोरीला घरी आनली." सगळ्यांनी 'खरंय, खरंय' केलं. कुणीतरी गाडीवरचा सगळ्यांत मोठा हार काढला. मी सीटवरून उतरत होतो. पाय सरळ होत नव्हता, म्हणून दाराला धरून उभा होतो. हार माझ्या समोरून आत गेला आणि हॉलमधल्या जोकीमच्या फोटोला घातला गेला. दातओठ खाल्ले आणि जेवायला बसलो.

रॅलीचा शाफ्ट रेमेतनं मला देऊन टाकला. "घरात ठेवू नका, मला बघवत नाय," म्हणाली. टोपीवाल्यांनी दोनदा मागितला, मी दिला नाही. आमच्या मागच्या खोलीत, दाढी करायच्या आरशाखालच्या फळीवर तो आडवा ठेवला आहे. वसईची हवा खारी, उघडं पोलाद इथं फार दिवस टिकत नाही, म्हणून दर रविवारी मी त्याला तेलाचा हात फिरवतो, एकेक उंचवटा, सावकाश. सुनंदा परवा म्हणाली, "जो कधी बसवायचाच नाही त्याची एवढी चाकरी कशाला?" मी तिला सांगितलं, भांडण अजून मिटलेलं नाही. त्याच्या बाजूचा एवढा एकच पुरावा आहे. तो मी गंजू दिला असं त्यानं म्हणायला नको.